केसपेपरवर काय लिहायचं?

सरकारी रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीपाशी पोचलं की आतून मान वर न करताच प्रश्न येतात. 'नाव? वय? काय होतंय?' मागे पंधरा-वीस माणसांची रांग असते. पुढच्याचं बोलणं मागच्याला ऐकू जातं आणि काचेला ठेवलेलं भोक इतकं लहान, की जरा मोठ्यानेच बोलावं लागतं. ताप, खोकला, गुडघेदुखी असल्या तक्रारी माणसं बिनदिक्कत सांगतात. ज्याला आठ दिवसांपासून लघवीच्या जागेतून पू जातोय किंवा जांघेत गाठ आलीय, तो मात्र क्षणभर अडखळतो आणि म्हणतो, 'स्किन.' खिडकीतला माणूस शिक्का मारतो, खोलीचा नंबर सांगतो. काम होऊन जातं.

'स्किन' हे उत्तर खोटंही नसतं. आपल्याकडे त्वचारोग आणि लैंगिक आजार एकाच विभागात पाहिले जातात. या विभागाच्या एमडी अभ्यासक्रमात त्वचारोग, गुप्तरोग आणि कुष्ठरोग तिन्ही येतात. जुन्या डॉक्टरांच्या पाटीवर दिसणाऱ्या 'डी.व्ही.डी.' या पदविकेतही त्वचा आणि गुप्तरोग जोडीनेच आहेत. कारण साधं आहे. सिफिलिससारखा आजार अंगावर इतक्या प्रकारचं पुरळ उठवतो, की तो ओळखायला त्वचेचाच डॉक्टर लागतो. या जोडणीचा एक फायदा कुणी ठरवून दिलेला नाही, पण तो रोज मिळतो. त्या विभागाबाहेरच्या बाकावर गजकर्णवाले असतात, खरूजवाले असतात, कोड असलेली मुलगी आणि तिची आई असते, केस गळतात म्हणून आलेला कॉलेजातला पोरगा असतो. त्यांच्यात बसलेला माणूस कशासाठी आलाय हे कुणाला कळत नाही.

एवढ्या आडोशावर पुष्कळ काही अवलंबून असतं. लैंगिक संबंधातून होणाऱ्या आजारांपैकी सिफिलिस, परमा (गनोरिया), क्लॅमिडिया आणि ट्रायकोमोनास हे चार पूर्ण बरे होतात, तेही बहुधा स्वस्त औषधांनी. तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 या एका वर्षात या चार आजारांची जगभरात 37 कोटी 40 लाख नवी लागण झाली. औषध आहे, चाचणी आहे, सरकारी केंद्रात ती फुकटही आहे. मग माणूस तिथे पोचायला आठवडे, कधी महिने का लावतो? आजारापेक्षा ओळखलं जाण्याची भीती मोठी असते म्हणून. उपचार डॉक्टरच्या हाती असतो, पण रुग्ण त्याच्यापर्यंत येणार की नाही हे ठरतं खिडकीवर, बाकावर आणि रिपोर्टच्या पाकिटावर.

रात्री दोनची तपासणी

समजा, चाकणच्या एखाद्या कारखान्यात सुपरवायझर असलेला तिशीचा माणूस. कंपनीच्या कामासाठी बाहेरगावी गेला, तिथे एका रात्री जे घडायचं ते घडलं, निरोध वापरला होता की मध्येच निघाला हे आता नीट आठवत नाही. घरी आल्यावर चौथ्या दिवशी लघवीला जळजळ. घरात सांगितलं, 'उन्हाळी लागली.' आईने सब्जा भिजवला, बायकोने धण्या-जिऱ्याचं पाणी करून दिलं. रात्री दोन वाजता न्हाणीघराची कडी लावून, मोबाइलची बॅटरी धरून त्याची स्वतःची तपासणी सुरू होते.

अशा तपासणीत पूर्वी कधीच न पाहिलेल्या गोष्टी दिसतात. शिश्नाच्या टोकाच्या कडेला ओळीने बारीक मोत्यासारखे दाणे. कातडीखाली पिवळसर ठिपके. हे पुष्कळ पुरुषांना असतात आणि त्यांचा कुठल्याही आजाराशी संबंध नसतो. बायकांच्याही योनीच्या तोंडाशी असे मऊ दाणे असू शकतात, त्यांनाही हात लावायची गरज नसते. जांघेतली खाज आणि लालसर कडांचं वर्तुळ बहुधा गजकर्णाचं असतं. टोकावर पांढरा थर, चिरा आणि आग असेल तर ती बुरशी असू शकते. चाळिशीतल्या पुरुषाला ती वरचेवर होत असेल तर शहाणा डॉक्टर आधी साखर तपासतो, कारण मधुमेहाची ती पहिली खूण असू शकते. बायकांच्या 'अंगावर पांढरं जाण्या'चंही तसंच आहे. दर महिन्याच्या चक्रात स्राव बदलतो, आणि त्याला वास, खाज, दह्यासारखा पोत आला तरी त्यामागे नवऱ्याकडून आलेली लागणच असेल असं नाही.

उलट बाजू अधिक अवघड आहे. खरी लागण पुष्कळदा काहीच दाखवत नाही. क्लॅमिडिया बहुतेक बायकांना जाणवतही नाही. वर्षानुवर्षं आत राहून तो गर्भनलिका बिघडवतो आणि मूल होत नाही म्हणून तपासण्या सुरू झाल्यावर त्याचे परिणाम समोर येतात. सिफिलिसची पहिली जखम दुखत नाही. तीन ते सहा आठवड्यांत ती औषधाविना भरूनही येते आणि माणूस निःश्वास टाकतो. जंतू मात्र रक्तात असतो. पुढे कधी तळहातांवर, तळपायांवर पुरळ उठतं, तेव्हा दोन्हींचा संबंध त्याच्या ध्यानात येत नाही.

म्हणून डोळ्यांनी केलेली तपासणी दोन्हीकडून फसवते आणि तारखेचा हिशेब कामाला येतो. परमा बहुधा दोन ते सात दिवसांत दिसतो, क्लॅमिडिया एक ते तीन आठवड्यांत. सिफिलिसची जखम सरासरी तीन आठवड्यांनी येते, पण दहा दिवसांपासून नव्वद दिवसांपर्यंत कधीही येऊ शकते. एचआयव्हीसाठी प्रयोगशाळेतली चौथ्या पिढीची चाचणी साधारण 45 दिवसांनंतर भरवशाची मानतात. बोटातून थेंबभर रक्त घेऊन होणाऱ्या झटपट चाचणीचा शेवटचा निर्णय तीन महिन्यांनी. दुसऱ्याच दिवशी प्रयोगशाळेत धावत जाऊन 'निगेटिव्ह' आणणाऱ्याला त्या कागदाने फक्त दिलासा मिळतो, माहिती मिळत नाही.

घाई करायची ती एकाच बाबतीत. एचआयव्हीची लागण टाळणारी औषधं संबंधानंतर 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात. जितकी लवकर तितकी चांगली, आणि पुढे 28 दिवस घ्यायची. आपल्याकडे ही सोय पुष्कळांना ठाऊकच नसते. ज्याला ठाऊक असते तो ते तीन दिवस 'विचारू की नको' यातच घालवतो.

आणि काही जण असे, की ज्यांच्या सगळ्या चाचण्या नीट येतात तरी भीती जात नाही. एकाच चाचणीसाठी ते चार प्रयोगशाळा पालथ्या घालतात, जिभेवर ठिपका दिसला की पुन्हा सुरुवात. त्यांच्या मनात आजाराइतकीच त्या एका रात्रीची बोचणी असते. 'धात जाते' म्हणून खंगणाऱ्या तरुणांच्या तक्रारीला मनोविकारतज्ज्ञ डॉ. नरेंद्र विग यांनी 1960 साली वैद्यकात नाव मिळवून दिलं, तेव्हापासून डॉक्टरांना हे माहीत आहे, की आपल्याकडे लैंगिक अपराधभाव शरीराच्या तक्रारीचा वेष घेऊन दवाखान्यात येतो. अशा माणसाला पाचवी चाचणी नको असते. कुणीतरी दार लावून अर्धा तास त्याचं ऐकून घ्यावं लागतं.

मेडिकलच्या काउंटरवर

आपला सुपरवायझर सकाळी रुग्णालयात जात नाही. तो गावाबाहेरच्या, ओळख नसलेल्या मेडिकलमध्ये जातो. दुकानात बायका असतील तर पुढे निघून जातो, पुन्हा येतो. 'मित्राला त्रास होतोय' असं म्हणतो. काउंटरवरचा पोरगा काय समजायचं ते समजतो आणि दोन गोळ्या, एक ट्यूब देतो. बिल नाही, प्रश्न नाहीत, नाव नाही. गुप्ततेच्या बाबतीत सरकारी यंत्रणा इथे मात खाते.

किंमत नंतर मोजावी लागते. अर्धवट प्रतिजैविकाने पू थांबतो, लागण राहते आणि बायकोपर्यंत जाते. परम्याच्या जंतूने अशा अर्धवट मात्रांतूनच एकेक औषध पचवलंय. एके काळी सर्रास दिली जाणारी सिप्रोफ्लॉक्सॅसिन त्याच्यावर आता चालत नाही. ट्यूबमध्ये बहुधा बुरशीचं औषध, प्रतिजैविक आणि कडक स्टिरॉइड एकत्र असतं. खाज दोन दिवसांत थांबते, गजकर्ण आतल्या आत पसरतं, जांघेतली कातडी पातळ होऊन तिच्यावर कायमच्या रेघा उमटतात, आणि डॉक्टरकडे गेल्यावर मूळ आजार कोणता होता हेच ओळखू येत नाही.

दुसरी वाट रेल्वे रुळांलगतच्या भिंतींवर रंगवलेली असते. 'खात्रीशीर इलाज', 'नाव गुप्त ठेवले जाईल', खाली मोबाइल नंबर. जाहिरात लिहिणाऱ्याला गिऱ्हाईक नेमकं काय शोधतंय ते बरोबर कळलेलं असतं. बरं करण्याच्या हमीइतकीच मोठी अक्षरं तो नाव गुप्त ठेवण्याच्या हमीला देतो. सरकारच्या 'सुरक्षा क्लिनिक'चा फलक बहुतेकांनी कधी पाहिलेला नसतो.

रंगीत खोके

सुरक्षा क्लिनिक हा राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा भाग. जिल्हा रुग्णालयांत, वैद्यकीय महाविद्यालयांत, पुष्कळ ठिकाणी उपजिल्हा रुग्णालयांतही ते असतं, बहुधा त्वचा किंवा स्त्रीरोग विभागाला लागून. आत डॉक्टरखेरीज एक समुपदेशक असतो आणि खरं काम बव्हंशी त्याचंच. तो जे विचारतो ते आपल्याकडे दुसरं कुणीच विचारत नाही. शेवटचा संबंध कधी आला, कोणाशी, बाईशी की पुरुषाशी, कुठल्या प्रकारचा, निरोध होता का, जोडीदाराला काही त्रास आहे का. चांगला समुपदेशक हे सगळं रेशनकार्डावरची माहिती भरून घ्यावी तितक्या कोरड्या सुरात विचारतो. त्या कोरडेपणानेच समोरच्याची जीभ सैल होते.

मग तपासणी. पडद्यामागे टेबल, दिवा, हातमोजे. लक्षणं पाहून औषधांचं खोकं दिलं जातं. ही खोकी रंगांनी ओळखायची. पू जात असेल तर करड्या रंगाचं, त्यात अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम. योनीतून स्राव असेल तर हिरवं. जखम असेल आणि ती नागिणीच्या जातीच्या हर्पिसची नसेल तर पांढरं, त्यात पेनिसिलिनचं इंजेक्शन. पेनिसिलिन सोसत नसेल तर निळं. हर्पिसचं लाल, ओटीपोटातल्या सुजेचं पिवळं, जांघेतल्या बदीचं, म्हणजे गाठीचं, काळं. रंगामुळे तीन गोष्टी साधतात. औषध देणारा चुकत नाही, न वाचता येणाऱ्यालाही खूण राहते, आणि रांगेतल्या दुसऱ्याला खोक्यावरून आजार वाचता येत नाही.

या पद्धतीत रिपोर्टची वाट न पाहता लक्षणांवरून उपचार होतो, कारण गेलेला रुग्ण परत येईल याचा भरवसा नसतो. जोडीदारासाठीही औषध दिलं जातं आणि सात दिवस संबंध टाळायला, मग पुन्हा दाखवायला सांगतात. उणीवही इथेच आहे. लक्षण नसेल तर खोकंही नाही. क्लॅमिडिया आणि परमा नक्की ओळखणारी जनुकीय चाचणी बहुतेक सरकारी केंद्रांत होत नाही, त्यामुळे लक्षणांविना वावरणारी लागण, विशेषतः बायकांमधली, या जाळ्यातून निसटते.

सिफिलिससाठी रक्ताची व्हीडीआरएल किंवा आरपीआर चाचणी होते. लागण निघाली आणि ती सुरुवातीची असली, तर बेन्झाथिन पेनिसिलिनचं 24 लाख युनिटचं इंजेक्शन एकदाच, कुल्ल्यावर. शतकानुशतकं राजापासून रंकापर्यंत सगळ्यांना सडवणाऱ्या 'गरमी'वर एवढंच लागतं. अनेक खासगी दवाखाने रिअॅक्शनच्या धास्तीने ते टोचत नाहीत आणि रुग्णाला पुढे पाठवतात. अशा पाठवणीत रुग्ण हरवतो.

एचआयव्हीची चाचणी शेजारच्या एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात, म्हणजे आयसीटीसीत. आधी समुपदेशन, मग संमती, मग रक्त. नमुन्याच्या नळीवर नाव नसतं, क्रमांक असतो. लहानशा पट्टीवर थेंब टाकल्यावर पंधरा-वीस मिनिटांत रेघ उमटते. एक रेघ म्हणजे चाचणी नीट चालली, दुसरीही उमटली तर संसर्गाची शक्यता. पण एका पट्टीवर कुणालाही काही सांगितलं जात नाही. आणखी दोन वेगळ्या किटवर तसंच दिसलं तरच निदान पक्कं मानतात. त्यासाठी पैसे लागत नाहीत. कुठे जायचं हे विचारायला 1097 हा क्रमांक आहे, तोही फुकट, आणि नाव न सांगता बोलता येतं.

रुग्णालयाची पायरीच नको असणाऱ्यांसाठी संस्था आहेत. मुंबईत 1994 पासून हमसफर ट्रस्ट समलिंगी पुरुष आणि तृतीयपंथीयांसाठी काम करतो. पुण्यात समपथिक ट्रस्ट. सांगलीत 1992 पासून संग्राम संस्था वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांबरोबर. या ठिकाणी येणाऱ्याला आपली ओळख पटवून द्यावी लागत नाही, आणि 'अशी सवय कधीपासून' हा प्रश्नही झेलावा लागत नाही.

कायद्याने शिकलेला धडा

लैंगिक आजाराला तोंड देताना सरकारचा पहिला हात औषधाकडे गेला नाही. इंग्रजांनी 1868 साली संसर्गजन्य रोगांचा कायदा आणला. गोऱ्या सैनिकांना लागण होऊ नये म्हणून वेश्यांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी सुरू झाली, लागण निघाली तर त्यांना लॉक हॉस्पिटलात डांबायचं. सैनिकाला मात्र कुणी डांबत नव्हतं. बायका नोंदणी चुकवायला लागल्या, गावं सोडायला लागल्या. 1888 साली कायदा रद्द झाला. सक्तीने आजार सापडत नाही, माणसं लपतात, हे तेव्हाच दिसलं होतं.

शंभर वर्षांनी गोव्याने तोच धडा पुन्हा गिरवला. डॉमिनिक डिसोझा हा तरुण नेमाने रक्तदान करायचा. त्याच्या रक्तात एचआयव्ही आढळला. 1989 च्या फेब्रुवारीत पोलिसांनी त्याला नेलं आणि गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याच्या आधारे क्षयरोगाच्या जुन्या इस्पितळात दोन महिन्यांहून अधिक काळ एकटं ठेवलं. काय झालंय हे त्याला धड सांगितलंही नव्हतं. त्याची आई उच्च न्यायालयात गेली. तो सुटला, पण न्यायालयाने विलगीकरणाची तरतूद वैध ठरवली. 1992 मध्ये तो गेला; त्याने उभी केलेली 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था गोव्यात मागे राहिली. त्या प्रकरणानंतर गोव्यात आपणहून चाचणीला जाण्याचं धाडस कुणी का करावं?

1997 साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एका कामगाराचं प्रकरण आलं. एका सार्वजनिक उपक्रमात तो हंगामी म्हणून काम करत होता. एचआयव्ही निघाल्यावर, अंगात काम करण्याची ताकद असूनही, त्याला कायम करणं नाकारलं गेलं. न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. त्याहून मोलाची दुसरी एक गोष्ट केली. त्याला खऱ्या नावाविना दाद मागू दिली. निकालपत्रात तो 'एमएक्स' आहे आणि मालक 'झेडवाय'. हक्क मागायचा तर आधी चव्हाट्यावर या, ही अट न्यायालयाने काढून टाकली.

पुढच्याच वर्षी वारं फिरलं. नागालँडमधल्या एका डॉक्टरची लागण रुग्णालयाकडून बाहेर फुटली, ठरलेलं लग्न मोडलं, त्याला गाव सोडावं लागलं. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. 1998 साली न्यायालय म्हणालं, होणाऱ्या बायकोच्या जिवापुढे गुप्ततेचा हक्क मागे पडतो; आणि त्याही पुढे जाऊन अशा माणसाच्या लग्नाच्या हक्कावरच मर्यादा घातली. लग्नाबद्दलची ती विधानं 2002 मध्ये न्यायालयाने अनावश्यक ठरवली. प्रश्न खरा होता. एकाची गुप्तता आणि दुसरीचा जीव यांत तोल कसा राखायचा?

त्याचं उत्तर संसदेने 2017 च्या एचआयव्ही व एड्स कायद्यात दिलं. 10 सप्टेंबर 2018 पासून तो लागू आहे. माहितीपूर्वक संमतीशिवाय चाचणी नाही. न्यायालयाचा आदेश असल्याखेरीज आपली स्थिती सांगण्याची सक्ती नाही. जोडीदाराला डॉक्टर सांगू शकतो, पण पायऱ्यांनी. आधी रुग्णाला समजवायचं, तो सांगत नाही अशी खात्री पटली तर आपण सांगणार आहोत हे त्याला कळवायचं, मग जोडीदाराला प्रत्यक्ष बोलावून, समुपदेशन करून सांगायचं. स्त्रीला मारहाण होईल, घराबाहेर काढलं जाईल असं वाटत असेल तर तिने जोडीदाराला सांगितलंच पाहिजे असं बंधन नाही. आणि न्यायालयात टोपणनावाने लढण्याची जी मुभा मुंबईत एका कामगाराला मिळाली होती, तिची वाट या कायद्याने सगळ्यांसाठी मोकळी केली.

पण हा कायदा एचआयव्हीपुरता. सिफिलिस, परमा, हर्पिस झालेल्याला आधार आहे तो डॉक्टरांच्या 2002 च्या आचारसंहितेचा. रुग्णाचं गुपित फोडणं तिने गैरवर्तन ठरवलंय. ती डॉक्टरला बांधते. खिडकीतल्या कारकुनाला, प्रयोगशाळेतल्या पोऱ्याला, वॉर्डातल्या मावशींना ती बांधत नाही.

तिचा केसपेपर

आतापर्यंतचा सुपरवायझर पुरुष होता, कारण त्याला गावाबाहेरच्या मेडिकलमध्ये जाता येतं. त्याच्या बायकोला एकटीने दवाखान्यात जायचं तर घरात कारण द्यावं लागतं, आणि बहुधा सोबत सासू नाहीतर जाऊ येते.

1997 साली अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात पुण्याचा अभ्यास छापून आला. डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या बायका तपासल्या होत्या. त्यांपैकी वेश्याव्यवसायात नसलेल्या 391 बायकांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण 13.6 टक्के निघालं. त्यांतल्या बहुतेकींच्या आयुष्यात नवऱ्याशिवाय दुसरा पुरुष आला नव्हता. तोपर्यंत 'धोक्यातले गट' म्हणून ज्या याद्या होत्या, त्यांत घरातल्या बायकोचं नाव नव्हतं. तिला धोका होता तो लग्नातून.

आज गरोदरपणात प्रत्येकीची एचआयव्ही आणि सिफिलिसची चाचणी व्हावी असा दंडक आहे. बाळासाठी तो फार मोलाचा आहे. वेळेवर कळलं तर बाळाची लागण टाळता येते. त्याचा एक परिणाम मात्र कुणी धरला नव्हता. घरात सगळ्यांत आधी तपासली जाते ती सून, म्हणून सगळ्यांत आधी 'सापडते' तीच. नवऱ्याने कधीच चाचणी केलेली नसते, आणि 'हिनेच आणलं' असं ठरून जातं. म्हणून जाणती समुपदेशक जोडप्याला एकत्र बोलावते, दोघांचं रक्त एकाच दिवशी घेते आणि आधी कोणाला झालं हा हिशेब मांडूच देत नाही.

गुपित कुठून फुटतं

रुग्णाचं नाव बाहेर पडतं ते बहुधा दुष्टाव्याने नाही, सवयीने. बाकावरच्या गर्दीत नाव पुकारून 'व्हीडीआरएलवाले कोण?' असं विचारलं जातं. केसपेपरवर लाल शाईने खूण होते. तालुक्याच्या केंद्रात समुपदेशक ओळखीची निघते, म्हणून माणसं दोन तालुके ओलांडून, पाहुणे नसलेल्या गावी जाऊन तपासून घेतात. मग औषधाच्या पुढच्या फेरीला जाणं परवडत नाही.

शहरात खासगी प्रयोगशाळेचा माणूस घरी येऊन रक्त नेतो. मोबाइल नंबर घरातल्या कुणाचा दिला असेल तर रिपोर्ट त्याच्याच व्हॉट्सअॅपवर येऊन पडतो. आणि या प्रयोगशाळांच्या 'पॅकेज'मध्ये एक सापळा आहे. त्यात हर्पिसची रक्तचाचणी हमखास असते. तोंडाला येणाऱ्या जराचा हर्पिस विषाणू पुष्कळांच्या अंगात लहानपणापासूनच असतो, त्यामुळे त्या जातीचा आकडा 'पॉझिटिव्ह' येतो आणि माणूस हादरतो. फोड नसताना अशा चाचणीतून निष्पन्न काहीच होत नाही. पॅकेज घेण्याआधी डॉक्टरशी बोललं तर पैसे आणि झोप दोन्ही वाचतात.

सगळ्यांत मोठी भेग अठराच्या आतल्या मुलांसाठी आहे. 2012 च्या पोक्सो कायद्याने त्यांच्याशी आलेला कुठलाही लैंगिक संबंध गुन्हा ठरतो, आणि गुन्हा कळल्यावर पोलिसांना कळवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. अत्याचार झालेल्या मुलासाठी ती ढाल आहे. पण आपल्याच वर्गातल्या मुलाशी संबंध आलेली सतरा वर्षांची मुलगी डॉक्टरकडे गेली तर तक्रार पोलिसांत जाणार, हे तिला कळलं की ती जातच नाही. तिची लागण तशीच राहते.

मराठीत या विषयावर मोकळं बोलण्याची परंपरा नवी नाही. र. धों. कर्व्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि 1927 ते 1953 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं. वाचक त्यांना लैंगिक शंका विचारत आणि कर्वे छापून उत्तरं देत, शेरे न मारता. त्याच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला, आणि 1934 साली त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं. खटला ते हरले, दंड भरावा लागला. पण लैंगिक प्रश्न विचारणारा माणूस विकृत नसतो, त्याला उत्तर हवं असतं, ही बाजू न्यायालयात मांडली गेली.

त्या बाजूचं आजचं रूप फार खर्चिक नाही. खिडकीवर 'काय होतंय' विचारायचं कारणच नाही; कुठल्या विभागात जायचं एवढं पुरे, आणि आजार आत, दार लावल्यावर. बाकावर नावाऐवजी क्रमांक पुकारावा. आयसीटीसीच्या नळीवर जो क्रमांक आहे तो सिफिलिसच्या कागदावरही असावा. रिपोर्ट रुग्णाने स्वतः दिलेल्या नंबरवर किंवा त्याच्या हातात, तिसऱ्या कुणाकडे नाही. सुरक्षा क्लिनिकचा फलक रुग्णालयाच्या आतल्या बोळातून एसटी स्थानकाच्या भिंतीवर यावा. तिथे आज भोंदू वैद्यांच्या जाहिराती आहेत. जनुकीय चाचणी निदान जिल्ह्याच्या ठिकाणी मिळावी, म्हणजे लक्षण नसलेली बाईही सापडेल. यातल्या पहिल्या तीन गोष्टींना नवा कायदा लागत नाही, अनुदान लागत नाही. अधीक्षकाचं एक परिपत्रक पुरतं.

आणि रात्री दोन वाजता कडी लावून बसलेल्याने एवढं करावं. ट्यूब लावू नये, उरलेल्या गोळ्या घेऊ नयेत. बाहत्तर तास उलटले नसतील तर सकाळची वाट न बघता डॉक्टर गाठावा. ते उलटून गेले असतील तर तारीख मोजावी, 1097 ला फोन करावा, आणि केसपेपरच्या खिडकीवर बिनधास्त 'स्किन' म्हणावं. पुढचं खरं मात्र आत गेल्यावर डॉक्टरला सांगावं. अर्धं सांगितलं तर उपचारही अर्धाच होतो.